डीमध्ये ठेवलेला आवाज

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. देवळात गाऱ्हाणं घालतानाही हा विषय मी टाळतो — देवाला माहीतच असणार म्हणून म्हणा, किंवा त्याने विचारू नये म्हणून. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण.

आमच्या कट्टा गावच्या बाजारात माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. मुंबईच्या ऑफिसांतून काढून टाकलेले जुने कॉम्प्युटर मी घाऊक आणतो, पुसतो, नव्याने विंडोज टाकतो आणि विकतो. या मालात आधीच्या मालकाचं काहीच ठेवायचं नसतं. म्हणून डिस्कचे सगळे भाग — सी, डी, जे असतील ते — एकामागून एक डिलीट मारायचे, डिस्क कोरी करायची आणि पुढे सरकायचं. डोळे बाहेरच्या एसटीकडे असले तरी माझी बोटं बरोबर चालतात. याचा मला अभिमान होता. अजूनही थोडा आहे, खोटं कशाला बोलू?

गिऱ्हाइकाचा वापरातला कॉम्प्युटर दुरुस्तीला आला, तर मात्र रीत वेगळी. विंडोज असते ती सी फक्त पुसायची, डीला हात लावायचा नाही. विकताना प्रत्येकाला मी बजावतो — जपायचं ते डीमध्ये ठेवा, विंडोज उडालं तरी डीला धक्का नाही. बुवांनाही मीच बजावलं होतं.

बुवा म्हणजे आमच्या वाडीतले भजनीबुवा. माझ्याकडून घेतलेल्या जुन्या कॉम्प्युटरसमोर पेटी घेऊन बसायचे आणि आपलीच भजनं रेकॉर्ड करायचे. मध्येच खोकायचे, मध्येच आत हाक मारायचे, "चाय ठेव गो." तेही रेकॉर्ड व्हायचं. मग एक दिवस बुवा अचानक गेले. त्यांची बायको — सगळी वाडी तिला वैनीच म्हणते — रोज दुपारी मागचं आवरून ते लावून बसायला लागली. भजनापेक्षा तिला ती हाक ऐकायची असायची. हे तिनेच मला सांगितलं, जरा लाजत.

एकदा तिचा कॉम्प्युटर सुरू होईना. रिक्षात मांडीवर धरून तिने तो आणला. मी बघितलं आणि म्हटलं, विंडोज उडालंय, बुवांची भजनं डीमध्ये सुखरूप आहेत, संध्याकाळी न्या. तेव्हा ते खरंच होतं. आधी भजनं दुसरीकडे उतरवून घ्यायला हवी होती ना? हवी होती. पण टेबलावर मुंबईचा माल रांगेने मांडलेला, आणि तिच्या कॉम्प्युटरचा डबा मी त्याच रांगेत ठेवला. काळे डबे सगळे सारखेच दिसतात. मी एका टोकाकडून निघालो — डिलीट, डिलीट, पुढे.

नव्या विंडोजच्या फाइली उतरायला लागल्या तेव्हा डब्यावरचं कुंकू दिसलं. दसऱ्याच्या पूजेत लावलेलं, वाळून गेलेलं. मुंबईच्या मालाला कुंकू कोण लावणार?

इथवरची चूक कुणाच्याही हातून होते. पण डिस्क कोरी केली म्हणून आतलं लगेच जात नाही. त्यावर नवं लिहिलं जाईपर्यंत बरंचसं परत काढता येतं, हे मला माहीत होतं. वायर ओढायची होती, बस्स. पण वायर ओढली की डिस्क कोल्हापूरला, पुसलेलं परत काढून देणाऱ्यांकडे पाठवावी लागणार, आणि का पाठवतोय ते वैनीला सांगावं लागणार. मी स्क्रीनवरचे टक्के वाढताना बघत उभा राहिलो. घाबरलो होतो का? आठवत नाही. काहीच वाटत नव्हतं, एवढं आठवतं. काम पुरं झालं तेव्हा मी समोरून चहा मागवला आणि प्यालो.

संध्याकाळी वैनी आली. मी सांगितलं, डिस्कच खराब झालेली, जुनं काही राहिलं नाही. ती रडली नाही. डब्याकडे बघत म्हणाली, "माज्या हातून काय चुकला काय रे?"

नाही म्हणायचं होतं. निदान एवढं तरी. पण माझ्या तोंडून आलं —

"ऐकून झाला की भिंतीवरचा बटान थेट बंद करतास मा?"

"करतंय. रोज."

"तसा केला की डिस्क जाता, वैनी."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे ती चोरानेच दिली, आणि तिने निमूटपणे घेतली.

गेल्या महिन्यात ती पुतणीला घेऊन दुकानात आली. पोरीला कॉलेजसाठी जुना कॉम्प्युटर हवा होता, आणि घ्यायचा तर माझ्याकडूनच, कारण मी घरच्यासारखा. मी वायरी जोडत होतो. वैनीने पुतणीचा हात धरला.

"भिंतीवरचा बटान आधी बंद करू नको गो बाय. माज्याच हातान ह्यांचो आवाज गेलो."

तेव्हा सांगता आलं असतं. दुकानात आम्हा तिघांशिवाय कोणी नव्हतं. मी त्या मुलीला कॉम्प्युटर नीट बंद कसा करायचा ते दाखवायला लागलो. वैनी जवळ आली, वाकून लक्षपूर्वक बघत राहिली.

"परत एकदा दाखव रे," ती म्हणाली.

मी परत दाखवलं.