बाईंच्या माइकमधली खरखर

माझ्या धाकट्या बहिणीचं कौतुक ऐकलं की माझ्या पोटात दुखतं. उगाच कशाला लपवू? केबल गुंडाळायला तिला मी शिकवलं. सोल्डरिंग करताना बोट भाजलं तेव्हा फुंकर मी घातली. आणि आता हॉलमध्ये पाऊल टाकलं की लाइटवाल्यापासून ड्रमरपर्यंत सगळे विचारतात, "ताई आल्या का?" अरे, मग मी काय खांब आहे?

तिचं नाव झालं ते वायरलेस माइकमुळे. गाण्यात खरखर घुसली, भलत्याच कुणाचं बोलणं ऐकू आलं, की धाकटी त्याचं मूळ शोधणारच. कार्यक्रमाआधी ती हॉलमधले सगळे दिवे, मागचा मोठा स्क्रीन चालू करायला लावते, आपले माइक मात्र बंद. मग कुठली फ्रिक्वेन्सी मोकळी आहे ते तासभर तपासत बसते. "एवढे नखरे कशाला?" मी म्हणायचो. "होऊ दे रे दादा," म्हणून हसायची. ते हसणंच मला झोंबायचं.

त्या दिवशी बाई ठरवणार होत्या, मोठ्या दौऱ्यावर साउंडला कोण येणार. बाई म्हणजे आमच्या गायिका. सोळा वर्षं त्यांचा साउंड मी सांभाळला, धाकटीने तीन. जागा एकच. सकाळची तपासणी तिने केली, सगळं स्वच्छ. मी मुद्दाम उशिरा, अकराला पोचलो आणि तिसऱ्या रांगेत जाऊन बसलो. बाईंनी सूर लावला आणि स्पीकरमधून फर्रर्र! पुन्हा लावला, पुन्हा तेच.

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. सगळ्यांदेखत म्हणालो, "तासभर काय झोपा काढत होतीस?" तिचा चेहरा एवढासा झाला.

बाईंचा माइक तिने बंद करायला लावला आणि हातातलं छोटं मीटर बघितलं. माइक बंद, तरी त्याच फ्रिक्वेन्सीवर सिग्नल होताच. स्टेजमागे गेली, सिग्नल कमी. खुर्च्यांकडे आली, वाढला. माझ्यासमोर येऊन थांबली. मीटर माझ्या बॅगेजवळ नेलं तर आकडा पार वर.

बॅगेत बाईंचा जादा माइक होता. ऐन गाण्यात एक बंद पडला तर दुसरा लगेच हातात देता यावा, म्हणून तो त्याच फ्रिक्वेन्सीवर लावून जवळ बाळगायची माझी जुनी सवय. अर्थात बंद करून, नाहीतर दोन्ही एकमेकांत घुसून खरखर करतात. सकाळी घरी बॅटरी बघायला चालू केला आणि धुसफुसत तसाच बॅगेत कोंबला. आता ही सगळ्यांसमोर माझी लाज काढणार!

तिने गुपचूप बॅगेत हात घातला, बटण दाबलं आणि ओरडून म्हणाली, "बाई, माझंच चुकलं. एक माइक बंद करायचा राहिला होता. आता गा."

बाई गायल्या. काचेसारखा स्वच्छ आवाज. गाणं संपल्यावर म्हणाल्या, "दौऱ्यावर दादाच येऊ देत. त्यांच्या हातून असं होत नाही."

मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. घरी येईपर्यंत मी जळत होतो तो तिच्यावरच. इतकं मोठं मन हिला कुणी शिकवलं? मी तर नाही.

दौऱ्याच्या पहिल्या दिवशी मी हॉलमधले सगळे दिवे, स्क्रीन चालू करायला लावले आणि तासभर तपासत बसलो. तेवढ्यात तिचा फोन. "दादा, बॅगेतला बंद आहे ना?"

"मला शिकवू नकोस," मी खेकसलो. फोन ठेवला आणि बॅग उघडून बघितली.