तेवीस नंबरची जर्सी

कॅनडातल्या आमच्या मिल्टनच्या मराठी सॉफ्टबॉल संघाचे कॅचरमामा बॅटरच्या पाठीमागे उकिडवे बसले, की त्यांच्या तोंडाला उसंत नसे. समोरचा बॅटर सहा फुटी कॅनेडियन असला तरी मामा त्याच्याशी वसईच्या मराठीतच बोलत. "ये बाबा, जेवून आलास की तसाच? एवढी जड बॅट कशाला उचललीस, पाठ धरेल ना!" एकदा एका बॅटरने वैतागून मला विचारले, की हा म्हातारा सारखे काय पुटपुटतो आहे. मी सभ्य उत्तर शोधत असतानाच मामा म्हणाले, "सांग त्याला, तुझ्यासाठी प्रार्थना करतोय." मी तसे सांगितले. त्या बिचाऱ्याने पुढचाच बॉल सरळ आकाशात मारला. मामांनी तो झेलला आणि टोपी काढून त्याला म्हणाले, "आमेन."

रविवारची मिस्सा आटोपली, की ते चर्चमधून थेट मैदानावर येत. एका हातात मिट, म्हणजे कॅचरचा जाड हातमोजा, दुसऱ्या हातात पोटॅटो चॉप्सचा डबा. संघ हरला तर डबा आधी हरवणाऱ्यांपुढे जाई. आमचे सेकंड बेस सांभाळणारे डॉक्टर यावर चिडत. "मामा, निदान आपल्या लोकांना तरी पुरू द्या!" मामा शांतपणे उत्तर देत, "डॉक्टर, ते पळाले किती! तुम्ही तर उभेच होता."

खेळाच्या सगळ्या रीतींपैकी मामांना एकच रीत खटके, ती म्हणजे खेळाडूंचे नंबर निवृत्त करण्याची, थोर खेळाडूचा नंबर पुन्हा कुणालाच न देण्याची. माझ्या बेसमेंटमध्ये टीव्हीवर मॅच लागली आणि भिंतीवरचा एखादा गौरवलेला नंबर दिसला, की वाद पेटलाच म्हणून समजावे. कुठला संघ खेळाडूला मानाच्या दालनात प्रवेश मिळेपर्यंत थांबतो, कुठला त्याने आपल्याकडे किती वर्षे काढली ते पाहतो, कुठला तो वारल्यावर हळहळून नंबर बंद करतो, तर कुठला नाव भिंतीवर चढवून नंबर मात्र मोकळा ठेवतो. डॉक्टरांना पहिली कसोटी पसंत होती, मला दुसरी. मामा म्हणत, "तुम्ही कसोट्या लावत बसा. सगळे चांगले नंबर बंद केलेत, तर उद्याच्या पोरांनी काय शंभराच्या पुढचे घालायचे?"

दोन हजार सतराच्या उन्हाळ्यात मामांचा गुडघा पार बोलू लागला आणि त्यांनी कॅल्गरीला लेकीकडे कायमचे राहायला जायचे ठरवले. ती बातमी ऐकून मी संघाची बैठक बोलावली. मामांचा तेवीस नंबर यापुढे कुणीही घालायचा नाही, असा माझा प्रस्ताव होता. डॉक्टर म्हणाले, "अहो, आपण लीग एकदाही जिंकलेलो नाही. नंबर कसला निवृत्त करता?" त्यावर त्यांचाच मुलगा उसळून म्हणाला, "Come on, Dad! He IS the team." हात वर झाले आणि प्रस्ताव संमत झाला. मामांची जर्सी मी त्यांच्या पत्नीकडून गुपचूप मिळवली, उत्तम लाकडी चौकटीत काचेखाली बसवून घेतली. मला माणसांचा गौरव करणे मनापासून आवडते. गौरव केला, की त्या माणसाला रोज फोन करण्याच्या कर्तव्यातून आपण सुटतो, हा त्यातला हिशेब मला त्या वेळी दिसला नव्हता.

मोसमाची शेवटची मॅच होती. ती सुरू होण्याआधी टाळ्यांच्या गजरात मी चौकटीवरचे कापड काढले. मामा पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "अरविंदा, काच कशाला रे? मी मेलो काय?"

कुणीतरी हसले. मामा हसले नाहीत.

"आमच्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात. तुमच्यातही ठेवतात. सासऱ्याचं नाव घेऊन पोराला कसं रागवायचं म्हणून सून त्याला बाबू म्हणते, पण नाव चालू राहतं. आजोबा मोठे होते म्हणून त्यांचं नाव कपाटात कोंडून ठेवलेलं पाहिलंस कुठे?" डॉक्टर काही म्हणणार, तोच मामा पुढे म्हणाले, "आणि बेसबॉलमधला तो बेचाळीस नंबर? गोऱ्यांच्या लीगचं दार उघडणाऱ्या त्या काळ्या माणसाचा? सगळ्या संघांनी मिळून बंद केला ना? मग दर वर्षी त्याच्या सन्मानाच्या दिवशी सगळेच्या सगळे तोच का घालतात? कारण त्यांनाही राहवत नाही!"

मी चौकट पालथी केली आणि मागचे खिळे गाडीच्या किल्लीने उचकटू लागलो. मन विलक्षण हलके झाले होते.

जर्सी मामांनी रेश्माच्या हातात दिली. ठाण्याहून त्याच वर्षी आलेली ही नर्स तोवर राखीव खेळाडू होती. ती मागे सरकली. "मामा, नको. तुमचा नंबर मी कसा घालू? एक बॉल सुटला तरी लोक तुमचं नाव काढतील."

"काढू देत की! माझ्या हातून काय कमी सुटले? घाल, पोरी."

जर्सी तिच्या गुडघ्यापर्यंत आली. तशीच ती मामांच्या जागी कॅचर म्हणून उतरली आणि मामा कुंपणाबाहेर जाऊन उभे राहिले. आणि मग जी मॅच झाली, ती आठवली की आजही मी खुर्चीत सरसावून बसतो! अखेरच्या डावात आम्ही एका धावेने पुढे होतो. त्यांचा एक दांडगा गडी बरोबरीची धाव घ्यायला थर्ड बेसवरून होम प्लेटकडे सुसाट निघाला. मी राइट फील्डमधून उभ्या जन्मात फेकला नव्हता असा बॉल फेकला. तोही वाकडाच गेला. रेश्मा उडी मारून डावीकडे झेपावली, बॉल पकडला, तशीच गुडघ्यांवर वळली आणि घसरत येणारा तो पाय प्लेटला लागण्याआधीच त्याला बॉलसकट मिट टेकवले. धूळच धूळ. अंपायरची मूठ वर गेली. आऊट!

मी धावत कुंपणापाशी पोहोचलो, तेव्हा मामा जाळी दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होते.

"पाहिलास? पाहिलास माझा नंबर?"

मग त्यांनी एकदा रेश्माकडे पाहिले, बाहीने डोळे पुसले आणि म्हणाले, "तिचा रे. तिचा नंबर."