गुप्त्यांच्या दिवाणखान्यातलं विमान

सलग तिसऱ्या दिवशी फ्यूज गेला. उज्जैनच्या माधव नगरातली एक अख्खी ओळ अंधारात होती आणि मी खांबावर. खालून एक गृहस्थ म्हणाले, "ओव्हरसियरसाहेब, रोज सातलाच कशी जाते हो लाइट?"

फ्यूज म्हणजे मुद्दाम कमजोर ठेवलेली तार. भार वाढला की ती वितळते आणि बाकीची लाइन वाचते. ती रोज सातला वितळत होती, म्हणजे कोणीतरी रोज सातला काहीतरी दांडगं चालू करत होतं. नवी तार टाकून मी एकेका घराचा मीटर बघत गेलो. शेवटच्या बंगल्यातली चकती एकाएकी गरगर फिरायला लागली.

दार उघडलं ते पंचावन्नएक वर्षांच्या माणसाने. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात हेडफोन. त्यांचं नाव विनायकराव गुप्ते.

"माझ्यामुळेच जाते का?" त्यांनी विचारलं.

"घरात काय चालवता?"

ते बाजूला झाले. दिवाणखान्यात विमान होतं. लाकडी, निळं, आखूड पंखांचं, एका चौथऱ्यावर बसवलेलं. सोफा, कपाट सगळं व्हरांड्यात काढलेलं.

मी हसलो, कारण मला ते माहीत होतं. महायुद्धाच्या काळात मी एका ट्रेनिंग स्कूलमध्ये इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होतो. वैमानिकांना ढगात उडायला शिकवण्यासाठी तिथे हा ट्रेनर, म्हणजे जमिनीवरचं नकली विमान, असायचा. माणूस आत बसतो, वरचं झाकण लावतो. बाहेरचं काही दिसत नाही, समोर फक्त काटे. खाली चार भाते असतात. मोटर त्यांतली हवा ओढते आणि विमान झुकतं, वळतं. बाहेर टेबलापाशी दुसरा माणूस बसतो. तो हेडफोनवरून सूचना देतो. टेबलावरच्या नकाशावर एक छोटी चाकांची गाडी फिरते आणि आतला माणूस कुठून कुठे गेला त्याची शाईची रेघ काढत जाते.

गुप्ते एका संस्थानचे वैमानिक होते. संस्थान विलीन झालं, महाराजांचं विमान विकलं गेलं. मग विमान कंपनीत अर्ज केला, तर डॉक्टरने डोळ्यांवरून नापास केलं. बायको आधीच गेलेली, मुलगी नागपूरला सासरी. लष्कराच्या जुन्या मालाच्या लिलावातून त्यांनी हा ट्रेनर आणला होता आणि एकट्याने जोडला होता.

दुसऱ्या दिवशी मी रिपोर्ट घेऊन सक्सेना साहेबांकडे गेलो. ते वीज खात्यातले आमचे इंजिनियर.

"काट दो कनेक्शन," ते म्हणाले.

"साहब, मोटर बत्ती की लाइन पर लगी है। पावर की अलग लाइन दे दें तो चल जाएगी।"

"शौक के लिए?"

"जी। शौक के लिए।"

त्यांनी रिपोर्ट माझ्याकडे परत सरकवला. "पंद्रह दिन। उसके बाद एक भी शिकायत आई तो काट दूँगा।"

वेगळी लाइन दोन दिवसांत झाली. खरी अडचण भात्यांची होती. त्यांचं कापड जागोजागी तडकलं होतं. हवा गळत होती, म्हणून मोटरवर ताण येत होता. तसलं कापड आता मिळणार कुठे? शेवटी मी टावर चौकाजवळच्या रहमतभाईंना घेऊन गेलो. ते पेटी दुरुस्त करायचे. त्यांनी चौथऱ्याखाली डोकं घातलं आणि म्हणाले, "ये तो बड़ा हारमोनियम है।" पातळ कातडं लावून त्यांनी चारही भाते नवे केले. त्यासाठी दोन रविवार गेले. मीही गेलो दोन्ही रविवारी. मी तेव्हा एका खोलीत एकटा राहायचो. रविवारी मला दुसरीकडे जायचं नव्हतंच.

चौदाव्या दिवशी ट्रायल घेतली. गुप्ते आत बसले, झाकण लावलं. मी टेबलापाशी. मोटर सुरू झाली. रस्त्यावरचे दिवे जरासुद्धा हलले नाहीत.

हेडफोनमधला त्यांचा आवाज निराळाच होता. ठाम, तरुण. मी दिशा सांगायचो, ते ती परत म्हणून दाखवायचे. पाऊण तास ते उडत होते. रेघ सरळ चालली होती.

"उतरलात," मी म्हणालो. "मोटर बंद करू?"

झाकण उघडेना.

"गुप्तेसाहेब?"

"पाटणकर, थोडं बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही. हवामान सांगा."

मी खिडकीबाहेर बघितलं आणि दिसेल ते सांगत गेलो. आकाश मोकळं आहे. वारा नाही. समोरच्या गच्चीवर धोतर वाळत घातलंय, ते हलत नाही. एक टांगा स्टेशनकडे चाललाय. ते प्रत्येक वाक्यानंतर "समजलं" म्हणत होते. दहा मिनिटांनी ते बाहेर आले, चेहरा पुसला आणि चहा करायला आत गेले.

मी कम्प्लीशन रिपोर्टमध्ये लिहिलं, लोड ठीक, तक्रार नाही.

मग दर रविवारी जायला लागलो. असं दोन वर्षं चाललं. पुढे राज्यांची फेररचना झाली. आमचं मध्य भारत नव्या मध्य प्रदेशात गेलं, राजधानी भोपाळला. माझीही बदलीची ऑर्डर निघाली. गुप्त्यांना सांगितलं तर म्हणाले, "जायलाच हवं. नोकरी आहे." टेबलापाशी बसायला कोणी मिळतं का, म्हणून मी चार ठिकाणी विचारलं. लोक विमान बघायला आले, बसायला कोणी तयार होईना.

भोपाळला क्वार्टर मिळालं. शेजारी सगळे नवे, आपापल्या गावची आठवण काढणारे. रविवारी मी दुपारपर्यंत झोपायचो.

दिवाळीच्या रजेत उज्जैनला गेलो. आधी सवयीने बंगल्याबाहेरचा पावरचा मीटर बघितला. मी शेवटच्या रविवारी वाचला होता, त्याच आकड्यावर उभा होता.

"बिघडलंय का काही?" मी विचारलं.

"नाही. उत्तम आहे."

"मग?"

"एकट्याने आधीही चालवत होतो," ते म्हणाले. "आता नाही जमत."

त्या दिवशी आम्ही तासभर उडवलं. मग मी परतीची गाडी धरली. पुढच्या वर्षी ते मुलीकडे नागपूरला गेले. ट्रेनर त्यांनी एका कॉलेजला दिला, असं पत्रात कळवलं.

नंतर मी कितीतरी घरांत, कारखान्यांत मशिनं बसवली. मोटर किती हॉर्सपॉवरची, हे सगळेच विचारतात. मी आणखी एक विचारायचो, की चालवायला माणसं किती लागतात आणि ती आहेत का. ऑफिसच्या फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नव्हता. मी तो पेन्सिलीने आखून घ्यायचो.