खाडीतली आगबोट आणि एक कबुली

ती घटना आठवली की आजही मला सगळ्यात आधी सुक्या बोंबलाच्या कालवणाचा वास येतो. मी जन्माचा शाकाहारी, डोंबिवलीतल्या चाळीत वरण-भातावर वाढलेला. पण त्या वासाने मला माझ्या नोकरीतला सर्वांत सुखाचा दिवस दाखवला, म्हणून त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तेव्हा मी दिव्याजवळच्या खाडीकाठच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीतल्या एका गावाच्या बंदरावर एक लाकडी आगबोट चिखलात रुतून पडली होती. कोणे एके काळी ती कल्याणहून निघून उल्हास नदीच्या खाडीतून वसईच्या बाजूला जायची. माणसं, मीठ, गवताचे भारे, वऱ्हाडं, सगळं तिच्यावरून गेलं. पुढे रस्ते आले, बोटीचे दिवस संपले. मालकाने इंजिन भंगारात काढलं आणि सागवानी सांगाडा सुकाणू धरणाऱ्या तांडेलाला देऊन टाकला. तांडेलाला दोन मुलगे. धाकटा जग सोडून गेला होता, त्याचा मुलगा रिक्षा चालवायचा. थोरला पंचाहत्तरीचा म्हातारा, रोज उठून बोटीवर जाऊन बसायचा. गाव त्याला काका म्हणायचं, मीही तेच म्हणतो.

पुतण्याने ती बोट हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याला द्यायचं ठरवलं होतं. लोक बोटीत बसून बिर्याणी खाणार, वर रंगीत दिवे. काकांचा ठाम नकार. बंदरावर चारचौघांत भांडण झालं आणि पुतण्या ओरडला, "तुला नि तुझ्या बोटीला एकदाच बुडवतो, थांब!"

आणि खरंच, पुनवेच्या उधाणाच्या दुपारी बोट बंदरावरून नाहीशी झाली. रेती काढणाऱ्यांनी लांबून ती खोल पात्रात बुडताना पाहिली. काकांची छोटी होडी पलीकडच्या खारफुटीत उलटी सापडली. काका बेपत्ता. अग्निशमन दलाने गळ टाकले, कोळ्यांनी जाळी लावली, हाती काही आलं नाही.

आम्ही मिसिंग दाखल केली आणि पुतण्याला बोलावलं. तो म्हणाला, मी कल्याणच्या मार्केटला भाडं घेऊन गेलेलो. मोबाईलचं लोकेशन मात्र बंदराचं निघालं. खोटं बोलणारा माणूस पोलिसांना अर्धं काम करून देतो. त्याला संशयित म्हणून अटक केली, कोर्टाने कोठडी दिली. समोर बसवून मी धमकीचा विषय काढला. मग हवालदाराने त्याच्या घरझडतीत मिळालेले तांब्याचे पत्रे टेबलावर ठेवले. ते बोटीच्या बुडाला ठोकलेले असत. पत्रे बघताच तो ढसाढसा रडायला लागला.

"साहेब, मीच मारलं काकाला. पत्रे मी काढलेले. रोज थोडे थोडे, कुणी नसताना. त्या दिवशी पण त्यासाठीच गेलेलो, पण काका बोटीवर होता म्हणून मागे फिरलो. पत्रे गेले म्हणून पाणी शिरलं. मला फाशी द्या."

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, हे आम्हाला पाठ असतं. तरी कबुली ऐकली की मन खुर्चीत सैल होऊन बसतं. सगळे दुवे जुळत होते, वरून फोन येत होते, गावात पुतण्याचं घर जाळायची भाषा चालली होती. प्रेत तेवढं मिळायचं होतं.

पुतण्यासाठी रोज डबा यायचा, आणि तो आणायची काकी, म्हणजे ज्याला त्याने मारलं असं सगळे म्हणत होते त्याची बायको! हातभर हिरव्या बांगड्या तशाच. गावातल्या बायकांनी बांगड्यांचा विषय काढला, तर तिने त्यांना पायरीवरून हाकललं होतं. लॉकअपमध्ये घरचं जेवण द्यायचं तर आणणाऱ्याने आधी आमच्यासमोर घास खायचा, असा आमच्या ठाण्याचा शिरस्ता. काकी रागाने एवढा मोठा घास तोंडात टाकायची.

"मी पोऱ्याला विष देईन काय? त्याना काय केला त्या देव जाने. पन जेवला पायजे."

"काकी, त्याने कबूल केलंय," मी म्हणालो.

"केला असल. म्हातारा मेला असं मना नाय वाटत."

असं प्रत्येक बेपत्ता माणसाची बायको म्हणते. मी मान डोलावली.

काकांचा फोटो सगळ्या ठाण्यांना गेला होता. खडवलीहून एका ओळखीच्या हवालदाराचा फोन आला. स्टेशनजवळच्या न्हाव्याने अशा एका म्हाताऱ्याचं डोकं आणि मिशी उतरवली होती. 'कोण गेलं बाबा' असं विचारल्यावर म्हातारा म्हणाला, थोरली बहीण गेली. आमच्या ठाणे अंमलदाराने मिसिंगचे कागद बघून सांगितलं की आमच्या माणसाला बहीण नाही, दोन भाऊच. विषय संपला.

दुसऱ्या दिवशी काकी डबा घेऊन आली. कालवणाचा वास दाटला होता आणि तो टाळायला मी उगाच बोलत सुटलो. म्हणालो, "खडवलीला एक म्हातारा दिसलाय, पण तो तुमचा नाही. त्याची थोरली बहीण वारलीय."

काकीच्या हातातला घास तसाच राहिला. मग ती हसायला लागली. हसता हसता पदर डोळ्यांना लावला.

"अरे साहेब, ती बोटच त्याची थोरली बहीन! माजी सासू बोलायची, माजी थोरली पोर खाडीन हाय. दिवाळीला भाऊबीज तिच्याकडं. मना साडी नाय, पन तिला रंग!"

मी उठलोच. काकीला जीपमध्ये घातलं आणि खडवली गाठली. भातसा नदीच्या काठी, देवळाच्या ओवरीत, तुळतुळीत डोक्याचा एक म्हातारा भात शिजवत होता. बायकोला बघून त्याने पळी खाली ठेवली. काकीने आधी त्याच्या पाठीत दोन धपाटे घातले, मग त्याच पाठीला मिठी मारून रडली. इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

काकांचा जबाब साधा होता. बोटीत बिर्याणी शिजलेली त्यांना बघवली नसती. म्हणून महिनोन्‌महिने कापूस आणि राळ भरून त्यांनी भोकं बुजवली, उधाणाला ती तरंगली. ओहोटीने तिला खोल पात्रात नेलं. तिथे काकांनी बुडातलं बूच स्वतःच्या हाताने काढलं आणि होडीत बसून ती पूर्ण खाली जाईपर्यंत पाहत राहिले. काठाला लागल्यावर होडी बांधायचं भान राहिलं नाही.

"मग घरी का नाही सांगितलंत?"

"घरान सुतक धरला असता तं गाव हसला असता, साहेब. दहावा करून येनार होतू."

ठाण्यात पुतण्याला बाहेर काढलं. काकांना बघून तो भिंतीला चिकटला, मग पायांवर कोसळला. "काका, पत्रे मी काढले रे!"

"मना ठाव होता," काका म्हणाले. "बूच मी काढला. ऊठ. तू नाय मारलास कुनाला."

त्या पोराने तोंड वर केलं, तो चेहरा मी विसरणार नाही. कोर्टात त्याला सोडवणारा अहवाल मी स्वतः लिहिला. बोट दोघांच्या मालकीची, पत्र्यांबद्दल काकांची तक्रार नाही. काकी मात्र तक्रारीवर ठाम होती. नवऱ्याविरुद्ध काही कलम लागतं का, असं ती तीनतीनदा विचारत होती.

खोटं बोलणाऱ्याला पकडायला आम्हाला शिकवतात. पण मनापासून खरं बोलणारा माणूसही चुकीची कबुली देऊ शकतो, हे मला त्या रिक्षावाल्याने शिकवलं. तो मला फसवत नव्हता. आपण खुनी आहोत यावर त्याचा पूर्ण विश्वास होता. त्यानंतर कुणी रडून गुन्हा कबूल केला की मी त्याला पाणी द्यायचो आणि तपास पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो.

स्टेशन डायरीत आम्ही 'मिळून आले' असं लिहितो. खाडीकाठच्या नोकरीत त्याच्याआधी बहुतेक वेळा 'प्रेत' हा शब्द लिहावा लागतो. त्या संध्याकाळी मी अंमलदाराच्या हातून पेन घेतलं आणि स्वतः नोंद केली : इसम जिवंत मिळून आला.