विहिरीवरचं बाकडं

भाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी बडोद्यात सुभानपुऱ्यातल्या घरी सकाळचं पाणी भरत होतो. पलीकडून ताई एवढंच म्हणाली, "अरे, हे गेले... लोटा घेऊन खाली निघाले होते, जिन्यातच बसले." लोटा कशाला, हे मला विचारावं लागलं नाही.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आनंदराव. आमची दोन्ही घराणी बडोद्याच्या जुन्या संस्थानी फौजेतली. कवायत सगळ्यांना यायची, कॉलेजचं फाटक कुणी पाहिलं नव्हतं. दोन्ही घरांत मिळून पहिला पदवीधर मी, आणि त्याचा मला अभिमान आहे. तो मी कधी लपवला नाही. भाऊजी मला नावानं हाक मारतच नसत. "या ग्रॅज्युएट, चहा घ्या," म्हणायचे. त्यात निम्मी चेष्टा, निम्मं कौतुक. ते स्वतः एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे आणि कारेलीबागेतल्या त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी होते. बोलायला लागले की समोरचा नाही म्हणायचं विसरून जाई.

त्या बोलण्यानंच सोसायटीतली विहीर बुजली. सोसायटी व्हायच्या आधी तिथे भाजीची वाडी होती, तिची ही विहीर. नव्वदीच्या सुरुवातीला घरोघरी स्कूटर आली, मागोमाग गाड्या दिसायला लागल्या, आणि लावायला जागा पुरेना. बोअर नवी होती, बटण दाबलं की गच्चीवरची टाकी भरायची. भाऊजींनी मीटिंगमध्ये अस्खलित गुजरातीत सांगितलं की विहिरीत डास होतात, पोरं वाकून बघतात, आणि जमिनीखालचं पाणी काही संपत नसतं. सगळ्यांनी हात वर केले. राडारोडा टाकून विहीर भरली, वर फरशी आली. एकट्या भाऊजींच्या आई आधी अडून बसल्या होत्या. विहीर बुजवताना तिच्यात पाइप उभा ठेवायचा असतो, तिचा श्वास कोंडायचा नाही, अशी आमच्याकडे रीत आहे. भाऊजी हसले, पण आईचं मन मोडवेना. भर टाकण्याआधी तळापासून एक लोखंडी पाइप उभा केला, तो फरशीतून गुडघाभर वर आला. पार्किंगच्या कोपऱ्यात तो तसाच राहिला.

पुढे आई गेल्या. मग पाऊस लागोपाठ कमी झाला आणि उन्हाळ्यात बोअर नुसती हवा ओढायला लागली. ती आणखी खोल नेली, पुन्हा आणखी खोल... पाणी असं जड आलं की ताईची डाळ शिजेना. मग टँकर. त्या दिवसांत एकदा आम्ही जेवत होतो. ताईनं पातेल्यातलं सगळं दही वाढलं, आणि तळाशी चमचाभर राहू दिलं. भाऊजी त्या पातेल्याकडे बघत म्हणाले, "ग्रॅज्युएट, हिनं तेवढं विरजण मागे ठेवलं नाही तर उद्या दही कशाचं लावणार? आम्ही जमिनीचं भांडं चाटूनपुसून घेतलं रे. आणि वरून पाणी परत जायची वाट होती, ती मीच बुजवली."

पर्यावरणावर पुढे मी बरंच वाचलं. त्यात मुळातली गोष्ट हीच होती. पुढच्याला घेता येईल इतकं मागे ठेवून घ्यावं, आणि परत देता येतं ते परत द्यावं. हे काही पुण्याचं काम नाही, उद्याच्या जेवणाची सोय आहे.

मग भाऊजींनी एकच ध्यास घेतला. गच्चीवरचं पावसाचं पाणी नळानं खाली आणायचं, गाळायचं आणि त्या पाइपातून विहिरीत सोडायचं. पावसाळ्यात ते सगळं पाणी फाटकातून रस्त्यावर वाहून जायचं, आणि उन्हाळ्यात त्याच फाटकातून टँकर आत यायचा. पण गाळणीचा खड्डा करायचा तर गाडीची जागा जाणार. मीटिंगमध्ये वरच्या मजल्यावरचे रमणभाई हसत म्हणायचे, "काका, तमे ज तो कहेता'ता, जमीन नीचे पाणी खूटे नहीं." जमिनीखालचं पाणी संपत नसतं, हे त्यांचंच वाक्य त्यांना परत मिळायचं. आधी इतकं पटवून ठेवलं होतं, की नंतर खरं सांगितलं तेही कुणाला पटेना. शेवटी ठरलेलं, "दिवाळी पछी जोईशुं," दिवाळीनंतर बघू. दिवाळी दर वर्षी यायची.

मीटिंगमध्ये हरले तरी भाऊजी रोज सकाळी तांब्यातलं रात्रीचं उरलेलं पाणी लोट्यातून खाली न्यायचे आणि पाइपात ओतायचे. रमणभाई गॅलरीतून विचारायचे, "काका, कूवाने चा पाई दीधी?" विहिरीला चहा पाजलात का, म्हणून. भाऊजी मान वर न करता म्हणायचे, "पाई दीधी, तमारा भागनी." म्हणजे तुमच्या वाटणीचा पाजला. लोटाभर पाण्यानं काय होणार, हे त्यांना ठाऊक होतं.

जायच्या थोडे दिवस आधी मी गेलो होतो. बोलता बोलता म्हणाले, "विहीर बुजवायला एक मीटिंग लागली. उघडायला उरलेलं आयुष्य पुरत नाही बघ."

"या वर्षी होईल, भाऊजी."

"ग्रॅज्युएट झालास, पण खोटं बोलायला काही शिकला नाहीस..."

सोसायटीनं शोकसभा घेतली. रमणभाईंचे डोळे खरोखर ओले होते. गेलेल्या माणसाच्या नावानं आमच्या बडोद्यात सिमेंटचं बाकडं ठेवतात. रमणभाईंनीच सुचवलं की ते काका रोज सकाळी जिथे उभे राहायचे तिथेच ठेवू, तो पाइप तेवढा कापावा लागेल. सगळ्यांनी हात वर केले. जन्मात मीटिंगमध्ये न बोललेली ताई उठली आणि गुजरातीत म्हणाली, "बाकडं ठेवा. पण पाइप कापणार असाल तर त्याच्यावर यांचं नाव घालू नका."

बाकडं बसवलं, थोडं तिरकं, पाइपला जागा सोडून. गच्चीच्या पाण्याचं मात्र दिवाळीनंतर बघायचं ठरलं.

मागच्या आठवड्यात मी गेलो तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. गच्चीचं पाणी बाकड्याच्या पायांना वळसा घालून फाटकाकडे चाललं होतं. ताई लोटा घेऊन खाली आली आणि तिनं तो पाइपात रिकामा केला. आत जरा गुडगुडलं, मग काही ऐकू आलं नाही. वर गॅलरीत रमणभाई उभे होते. त्यांनी चहाचं काही विचारलं नाही.