वायरची कॅसेट

वडील जाऊन महिना झाला होता. दवाखान्यातून त्यांनी पाठवलेला एक व्हॉइस मेसेज माझ्या मोबाईलमध्ये होता, पण कमी ऐकू येणाऱ्या आईला तो काही केल्या कळेना. आवाज मोठा म्हणावा तर आमच्या जुन्या जीपमधल्या टेपचा. म्हणून पाथर्डीतून वायरची कॅसेट आणली. कॅसेट टेपमध्ये घालायची, वायरची पिन मोबाईलला लावायची, की झालं, असं दुकानदार म्हणाला. कसलं डोंबलाचं झालं! टेप कॅसेट बाहेरच फेकत होता. सतरा वेळा घातली, टेपला शिव्या दिल्या, डॅशबोर्डवर बुक्क्या मारल्या. शेजारी आई तोंडाला पदर लावून बसलेली. शेवटी कॅसेटखाली काडेपेटीची काडी खुपसली आणि खरखरीतून वडील मोठ्यानं बोलले, "बरा हाय मी. काळजी करू नका. बरं, येतो."

घराबाहेर पडताना ते आयुष्यभर "जातो" म्हणत. "जातो न्हाई, येतो म्हनावं," असं आई दर वेळी बजावायची. त्यांनी कधी ऐकलं नाही.

आई टेपकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आत्ता म्हनत्यात व्हय, येतो!"