नानांच्या आवाजासाठी स्पीकर

मंडळी, माझे वडील, नाना, दिवाळीत गेले. ताईच्या लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटमध्ये त्यांचा आवाज आहे, पण टीव्हीवर आईला तो नीट ऐकू येत नाही. म्हणून आज जळगावला पाच स्पीकरचा स्वस्त सेट घ्यायला गेलो.

दुकानदाराने मारामारीचा सिनेमा लावला. "भाऊ, खिडकीची काच हलली पाहिजे!"

मी आमची कॅसेट लावायला सांगितली. मोठ्या सेटवर नानांचा आवाज लग्नाच्या बँडखाली दबला. लहान सेटवर मधल्या स्पीकरमधून स्पष्ट आला. तोच घेतला.

घरी लावला. व्हिडिओत पंगतीत फिरत नाना सगळे जेवले का, ते विचारत होते, "बठ्ठा जेवनात का?"

आई म्हणाली, "जेवनात बठ्ठा. आते तुम्ही बठा."

ती नानांना बसायला पाट घ्यायला वळली आणि थांबली.

स्पीकर घेताना आपल्या माणसाच्या आवाजाची कॅसेट सोबत न्या. तुमच्या घरी आहे ना एखादी?